हसवणारा जॉनी



आपल्या नंदुरबारकडे सोंगाड्या पार्टी आली की सारा गाव गोळा होतो. सोंगाड्या कधी सावकार होतो, कधी फौजदार. आपण पोट धरून हसतो. अशाच एका नकलाकाराची गोष्ट आज वाचू. त्यांचे नाव जॉनी लिव्हर.

त्यांचे खरे नाव जॉन प्रकाश राव. जन्म १४ ऑगस्ट १९५७ चा, आंध्रातील कनिगिरी गावचा. आपली माणसे पोटासाठी सुरतेला जातात ना, तसे हे तेलुगू घर मुंबईला आले. वडील हिंदुस्थान लिव्हर कंपनीत कामगार होते. घरात पैशाची ओढ फार. त्यामुळे सातवीनंतर मुलाची शाळा सुटली.

मग हा मुलगा रस्त्यावर पेने विकू लागला. नुसते "पेन घ्या" म्हटले तर कोण थांबतो? हा सिनेमातल्या नटांचा आवाज काढी, त्यांच्यासारखा नाचे. लोक थांबत, हसत आणि पेन घेत.

पुढे तो वडिलांच्याच कंपनीत लागला. तिथे जड पिंपे उचलायची. एकदा कामगारांचा कार्यक्रम होता. त्यात त्याने मोठ्या साहेबांच्या नकला केल्या! कामगार खूष झाले. त्यांनीच त्याला 'जॉनी लिव्हर' हे नाव दिले. कारखान्याचे नाव माणसाला चिकटले, ते कायमचेच.

संगीतकार कल्याणजी-आनंदजी यांनी त्यांना आपल्या कार्यक्रमांत घेतले. नोकरी सुटली, पण रंगमंच मिळाला. १९८२ साली सुनील दत्त यांच्या 'दर्द का रिश्ता' या सिनेमात काम मिळाले. १९९३ च्या 'बाजीगर'ने त्यांना घरोघरी पोचवले. त्यांनी तीनशेच्या वर सिनेमांत काम केले आहे.

नक्कल म्हणजे नुसती थट्टा नव्हे. माणूस कसा चालतो, कुठे अडखळतो, हात कसे हलवतो, हे आधी नीट पाहावे लागते. हाही अभ्यासच आहे.

आम्ही हेडमास्तर असताना एक पोरगा आमच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करी. एकदा वर्ग हसला. आम्हाला राग आला. आम्ही त्याला छडी मारली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही. आज वाटते, आपण म्हणायला हवे होते, "शाबास! नक्कल झकास केलीस. आता धडा वाच." आम्ही ते म्हटले नाही. तुमच्या घरी असे पोर असेल तर तुम्ही तरी म्हणा.

शब्दांचे अर्थ
सोंगाड्या – सोंग घेऊन हसवणारा
ओढ – तंगी, कमतरता
हुबेहूब – अगदी तसेच

सांगा पाहू
१. जॉनीची शाळा का सुटली?
२. त्याची पेने कशी खपत?
३. तुमच्या गावात चांगल्या नकला कोण करतो? त्याचे नाव पाटीवर लिहा.