अंगणातला ताल

प्रस्तावना

टाळीचा आवाज कानी पडताच पाळण्यातले मूल मान वळवते. आधार घेऊन उभे राहता येऊ लागले, की तेच मूल ढोलकीच्या ठेक्यावर गुडघे हलवू लागते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. नीट बोलता येण्यापूर्वीच मूल तालाला प्रतिसाद देते. या सहज प्रवृत्तीतून शिक्षण कसे घडते, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• बालशिक्षणातील गाणी व हालचालींच्या खेळांचे महत्त्व सांगता येईल;
• ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याचा परिचय करून देता येईल;
• घरगुती साहित्य वापरून असे खेळ घेता येतील.

मूळ पाठ

लहान मुलांना एका जागी हाताची घडी घालून बसवणे म्हणजेच शिस्त, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. या समजुतीला ज्यांनी कृतीने उत्तर दिले, त्यांत गिजुभाई बधेका यांचे नाव अग्रभागी आहे. गुजरातमधील भावनगर येथे १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. गाणी, गोष्टी, नाट्य आणि मुक्त हालचाल यांना तेथे मानाचे स्थान होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात रुजवला. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

शहरातील मुलांना मिळणारे हे शिक्षण खेड्यातील गरीब मुलांपर्यंत पोहोचावे, या तळमळीने ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तेथील अडचण निराळीच होती. आईवडील मजुरीला जात. थोरली बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी. तिला शाळा दुरूनच दिसे. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. त्यातून ‘अंगणवाडी’ची कल्पना साकारली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ही तेथे उभी राहिली. धाकटे भावंड पाळणाघरात खेळू लागले, की थोरलीच्या हाती पाटी येणे शक्य होई. धाकट्यांच्या खेळाशी थोरल्यांचे शिक्षण असे जोडलेले होते.

अंगणात खेळ घेण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर वाजवल्या, की घोड्याच्या टापा ऐकू येतात. झाकण घट्ट बसवलेल्या डब्यात चिंचोके घातले, की खुळखुळा तयार होतो. जुन्या डब्याचा ढोल होतो. मात्र चिंचोके, मणी किंवा खडे मुलांच्या तोंडात वा नाकात जाणार नाहीत, याची दक्षता मोठ्यांनी घ्यावी लागते.

या साधनांवर कितीतरी खेळ रचता येतात. ढोल संथ वाजला, की मुलांनी हत्तीसारखे डुलत चालावे. ठेका जलद झाला, की सशासारख्या उड्या माराव्यात. ढोल थांबताच जागच्या जागी स्तब्ध व्हावे. वरवर पाहता ही केवळ गंमत आहे. परंतु थांबण्यासाठी मुलाला कान देऊन ऐकावे लागते आणि धावण्याची अनावर इच्छा आवरावी लागते. दटावणीवाचून आत्मसंयमाचा हा पहिला धडा मिळतो. दुसऱ्या खेळात एकाने टाळ्यांचा ठेका धरावा व इतरांनी तो तसाच वाजवून दाखवावा. येथे श्रवण, स्मरण आणि अनुकरण या तिन्ही शक्ती कामी येतात. अभिनयगीतात ‘वर’, ‘खाली’, ‘पुढे’, ‘मागे’ हे शब्द मुले अंगाने अनुभवतात. म्हणून ते पक्के स्मरणात राहतात.

आपल्या लोकपरंपरेत असे खेळ विपुल आहेत. आश्विन महिन्यातील भोंडल्यात पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली त्याभोवती फेर धरतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. झिम्म्यात टाळ्यांची लय असते, तर फुगडीत तोल आणि जोडीदारावरचा विश्वास. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना मातृभाषेचा लळा लावण्यास ही गाणी उपयोगी पडतात. शेजारच्या मुलांची तमिळ, हिंदी वा बंगाली गाणीही त्याच फेरात सामावू शकतात.

असे खेळ घेताना एक पथ्य पाळावयाचे असते. काही मुले पहिले अनेक दिवस गात नाहीत, नाचत नाहीत. कोपऱ्यात उभी राहून केवळ पाहतात. अशा मुलाला ओढून मध्ये आणू नये, त्याची थट्टाही करू नये. पाहणे हाही सहभागच होय. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही, त्याचा तळवा ढोलावर ठेवावा. कंपनांतून त्याला ठेका कळतो. पाहुण्यांपुढे मुलाला बळेच गाणे म्हणावयास लावल्याने मोठ्यांची हौस फिटते, पण मुलाचा आनंद हिरावला जातो. स्पर्धा आणि बक्षिसे या वयात दूरच बरी. बेसूर गाणाऱ्या मुलालाही फेरात तितकीच जागा असली पाहिजे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ या वयोगटासाठी खेळ व कृतींवर आधारित शिक्षणाचा पुरस्कार केला. ताराबाई १९७३ साली व अनुताई १९९२ साली निवर्तल्या. धोरणे कागदावर येतात. ती अंगणात उतरवण्यासाठी मुलांबरोबर फेर धरणारी मोठी माणसे लागतात. ज्यांचे स्वतःचे शिक्षण मध्येच थांबले, अशा आईवडिलांनाही हे काम करता येते. त्यासाठी पदवी लागत नाही. मुलांसाठी थोडा वेळ आणि मोकळे मन मात्र लागते.

शब्दार्थ

ठेका – तालाची ठरावीक आवर्तने
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
आत्मसंयम – स्वतःवर ताबा ठेवणे
पथ्य – पाळावयाचा नियम
विपुल – भरपूर

तुम्ही काय शिकलात?

• ताल आणि हालचाल यांची ओढ मुलांत उपजतच असते.
• खेळांतून श्रवण, स्मरण, भाषा व आत्मसंयम यांचा विकास होतो.
• धाकट्यांची सोय झाली, तर थोरल्या मुलींचे शिक्षणही सुकर होते.

स्वाध्याय

१. कोसबाड येथे बालवाडी अंगणात का न्यावी लागली?
२. ‘पाहणे हाही सहभागच होय’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : संथ, स्तब्ध, विपुल.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या पारंपरिक फेराच्या खेळाचे आठ ते दहा ओळींत वर्णन करा.