पऱ्हे आणि बांधी

सानगडी, ता. साकोली

चि. बेटा,


साहेबांनी तुझा मेल लाल खुणा करून परत पाठवला, हे ऐकून काकू म्हणाली, ‘पोरीचं इंग्रजी कच्चं आहे.’ मला तसं वाटत नाही. मी तो मेल दोनदा वाचला. शब्द इंग्रजी आहेत, वाक्यं मात्र मराठी.

‘आय हॅव सेन्ट द फाइल यस्टरडे.’ मराठीत ‘काल फाइल पाठवली आहे’ खुशाल चालतं. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ जातो. नुसतं ‘आय सेन्ट’. ‘डिस्कस अबाउट’मध्ये आपलं ‘विषयी’ शिरलंय. ‘डिस्कस’च्या पोटात ते आधीच असतं. ‘आय ॲम हॅविंग टू डाउट्स’ लिहिलंस, तर वाचणाऱ्याला वाटेल तुझा कामावर भरवसाच नाही. ‘आय हॅव टू क्वेश्चन्स’ लिही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही ‘फ्रॉम टू डेज’ लिहून बोलणी खाल्ली होती. आपला ‘पासून’ नडला. दोन दिवसांपासून म्हणजे ‘फॉर टू डेज’. सोमवारपासून म्हणजे ‘सिन्स मंडे’. आमची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. व्याकरण पक्कं झालं, पण आधी मनात मराठी वाक्य रचायची खोडही लागली.

रोवणीच्या वेळी तू पाहिलंयस: धानाचे पऱ्हे उपटले की मुळांची माती धुऊनच पेंढ्या बांधतात. शेतातल्या एका बांधीतला चिखल दुसरीत कोणी नेत नाही. मराठीतून इंग्रजीत जाताना एवढंच कर.

आणि ते ‘काइंडली डू द नीडफुल’ सोडून दे. वजनदार वाटतं, पण कोणी, काय, कधी करायचं, यातलं काहीच सांगत नाही. ‘प्लीज अप्रूव्ह द बिल बाय फ्रायडे’ म्हटलं की काम, मुदत दोन्ही कळतात. मेल पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याला ‘कोणी, काय, कधी’ हे तीन प्रश्न विचार; निम्मी वाक्यं आपोआप आखूड होतील.

गावी आलीस की मात्र ‘पानी’च माग; आपल्या झाडीबोलीत लाजण्यासारखं काही नाही. रोवणी आटोपली की पुढचा मेल मला दाखव. लाल पेन्सिल शोधून ठेवतो.

तुझा,
काका