शिपायाच्या नावाचे पाठभेद
१९२९ मध्ये अनावरण झालेल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. त्यांची नावे छापील यादीत राहिली, तीही रोमन लिपीत, जिने 'काळे' व 'काले' हा भेदच ठेवला नाही. येथे पाठचिकित्सेची दृष्टी उपयोगी पडते. आडनाव हा दुबळा पाठ. पित्याचे नाव व गाव हा बळकट. हा पाठ नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळींशी ताडता येतो. परंतु ज्यांना त्याच नाशकात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील शिपायांबाबत या वह्या बहुधा मुक्याच. पूर्व विदर्भात, देवरीच्या बाजूला, अशा वेळी कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदींकडे वळावे लागते.