पापुद्रा सांभाळ, पोरी

डीमेक, म्हणजे दात्याच्या कॉर्नियाचा नुसता आतला पापुद्रा पेशंटच्या डोळ्यात बसवणं, शिकायची पाळी आली म्हणतेस. लहानपणापासून तू उतावीळ, म्हणून मावशी हे लिहून देतेय. कॉर्नियाच्या आतल्या अस्तराच्या पेशी माणसाच्या डोळ्यात पुन्हा तयार होत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या कमी पडल्या की कॉर्नियात पाणी भरतं, फोड येतात. आपल्याकडे येणारे बरेच पेशंट असेच. तेव्हा आधी हे मनात ठेव: पेशी गेली ती गेली, तिची उसनवारी नाही.

१. नेत्रपेढीचा कागद स्वतः वाच, दुसऱ्याकडून ऐकू नकोस – पेशींची संख्या, दात्याचं वय, मधुमेह, सगळं त्यावर असतं. सुरुवातीला पन्नाशीपुढचाच दाता माग – तरुण पापुद्रा घट्ट गुंडाळतो आणि डोळ्यात उलगडायला दमवतो. मधुमेही दात्याचा तूर्त नको – तो चिकटून बसतो आणि सोलताना फाटतो.

२. पेशंटला टेबलावर घेण्याआधी पापुद्रा सोलून तयार ठेव – फाटलाच, तर निदान डोळा अजून उघडलेला नसतो.

३. डीसेकवर, म्हणजे जाड चकतीच्या रोपणावर, हात बसल्याशिवाय डीमेकला हात घालू नकोस – डीसेकच्या चकतीला स्ट्रोमाचा आधार असतो, डीमेकचा पापुद्रा जेमतेम १० ते १५ मायक्रॉन. रॉटरडॅमच्या गेरिट मेलेस यांनी डीमेक मांडलं २००६ साली, पण मागच्या थराच्या रोपणाचं त्यांचं काम १९९८ पासूनच छापून येत होतं. पायरी त्यांनीही चुकवली नाही.

४. काचबिंदूची नळी बसवलेला, भिंग नसलेला किंवा बाहुलीचा पडदा फाटलेला डोळा आला, तर डीसेकच कर – पापुद्रा मागे सरकून हरवू शकतो. यात कमीपणा नाही गं.

५. डीसेकची चकती चिमट्यात दुमडून आत कोंबू नकोस. बुसिन ग्लाइड किंवा एंडोग्लाइडमधून अलगद ओढून घे – दुमडताना पेशी चिरडतात. डीमेकच्या काचेच्या नळीत मात्र हवेचा बुडबुडा शिरू देऊ नकोस.

६. पेशंटचं जुनं अस्तर ग्राफ्टपेक्षा किंचित मोठ्या वर्तुळात काढ – जुन्यावर नवं चढलं की कड सुटते. व्हिस्कोच्या जेलचा अंशही मागे ठेवू नकोस – तोच दोन्ही थरांत फट पाडतो.

७. ट्रायपान ब्लूनं पापुद्रा नीट रंगू दे, घड्याळाकडे बघू नकोस – धुरकट कॉर्नियातून फिकट निळं दिसत नाही.

८. आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी दिशा, मग पापुद्रा कॉर्नियाला चिकटवणारी हवा! पापुद्रा पेशींची बाजू बाहेर ठेवून गुंडाळतो, म्हणून सुलटा असला की त्याच्या कडा वर, कॉर्नियाकडे वळलेल्या दिसतात. कॅन्युलाचं टोक वळलेल्या कडेत सरकवून बघ. ते निळं दिसलं तरच पुढे जा – उलटा चिकटलेला ग्राफ्ट पाणी उपसत नाही, कॉर्निया सुजलेलाच राहतो. शंका असेल तर पुन्हा बघ, कुणी घाई केली तरी. ग्राफ्टवर ‘एस’चा ठसा असेल तर उत्तमच, पण तुझी नजर त्याच्यावर अवलंबून ठेवू नकोस.

९. उलगडताना आत चिमटा नको. चेंबर उथळ कर आणि वरून हलक्या टिचक्या मार – उथळ जागेत पापुद्र्याला परत गुंडाळायला वाव राहत नाही.

१०. आयरिसला सहा वाजताच्या जागी भोक ठेवायला विसरू नकोस – हवा वर चढते, खालची वाट मोकळी राहते आणि पाणी अडून दाब चढत नाही. त्या रात्री पेशंटला डोकेदुखी किंवा उलटी झाली, तर फोनवर औषध सांगू नकोस, जाऊन बघ.

११. उताणं का झोपायचं, ते पेशंटला आणि घरच्यांना बसून समजावून सांग – कारण कळलं की माणूस कंटाळा सोसतो. हवेऐवजी एसएफ-६ गॅस भरला असेल तर विमानप्रवास बंद – उंचीवर गॅस फुगतो.

१२. थेंब आपल्या मनानं बंद करू नका, हे दर भेटीत सांग. अंशू आणि प्राइस यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात दोन वर्षांत रिजेक्शन डीमेकमध्ये १ टक्का, डीसेकमध्ये १२ आणि पूर्ण जाडीच्या रोपणात १८ टक्के होतं – पण ते स्टेरॉइडचे थेंब चालू असताना.

१३. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ओसीटी स्कॅन काढ. नुसती कड थोडी सुटली असेल तर थांब. मधला भाग किंवा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग सुटला असेल तर पुन्हा हवा भर, आणि उशीर करू नकोस.