आधी तिला बसायला सांग

धारणी

चि. रेणू,

काल बाजारात तुझ्या केंद्रातली एक आशा भेटली. नाव सांगणार नाही, विचारूही नको. म्हणाली, मासिक बैठकीत मॅडमनी एकीला सगळ्यांसमोर उभं करून झापलं. "रजिस्टर धड भरता येत नाही, मोबदला मात्र वेळेवर पाहिजे," असं म्हणालीस म्हणे. खोटं निघालं तर मला आनंदच होईल. पण तुझ्या बाबांचा राग मी लहानपणापासून पाहिलाय, आणि हा सूर त्यांचाच.

त्या बाईनं केलं काय होतं? बाळाच्या पोटावर डम्मा दिलाय, हे तिनंच येऊन तुला सांगितलं. दोन दिवस उशिरा सांगितलं, कबूल. पण ती त्याच गावची सून आहे. डागलेले चटके घरचे लपवतात, डागणाऱ्या भुमकाचं नाव कोणी घेत नाही. सांगितल्यावर हापशीवर बायकांनी तिला काय काय ऐकवलं असेल! एवढं सोसून ती तुझ्यापर्यंत आली आणि तू तिलाच उभं केलंस. आता पुढचं बाळ अत्यवस्थ होईल तेव्हा ती सांगणार नाही, रेणू. मला घोर लागलाय तो याचा.

मागच्या वर्षी प्रशिक्षणाहून आलीस तेव्हा याच ओट्यावर बसून त्या एमी एडमंडसनबाईंचं संशोधन तूच मला सांगितलं होतंस. औषध देण्यातल्या चुका त्या दवाखान्यांमध्ये मोजत होत्या. चांगल्या वॉर्डात चुका कमी सापडतील असं वाटलं होतं, तर निघाल्या जास्त! कारण तिथल्या सिस्टर चूक झाली की बोलत होत्या, बाकीच्या दडवत होत्या. ते 1996 साली छापून आलं. मला ते लगेच पटलं, माझा सगळा जन्म उपकेंद्रात गेला ना! मग तुझ्या बैठकीत ते कुठं गेलं? रजिस्टर कोरं करकरीत स्वच्छ दिसलं, की पोरी, तू घाबरायला हवंस.

वरच्याचा एक शब्द किती खोल जातो, ते मला ठाऊक आहे. एएनएम असताना मला जीएनएम करायचं होतं. फॉर्म भरून साहेबांच्या सहीला नेला. ते मान वरही न करता म्हणाले, "तुला काय जमणार?" तो फॉर्म अजून माझ्या ट्रंकेत आहे. साहेब त्याच संध्याकाळी ते विसरले असतील. मी मात्र पुढं कधी कुठला फॉर्म मागितला नाही. आज तुला पांढऱ्या कोटात पाहते तेव्हा आनंदाबरोबर तेही आठवतं.

तेव्हा एक कर. त्या आशाताईच्या घरी जा. गाडी लांब उभी कर, सोबत लवाजमा नको. आधी तिला बसायला सांग, मग काय अडलं ते विचार. तिच्यासोबत त्या बाळाकडं जा, वजनकाट्याची झोळी तिलाच धरू दे. बैठकीत सगळ्यांसमोर बोललीस, तर चांगलंही सगळ्यांसमोरच बोल. गडचिरोलीत डॉ. बंग यांनी 39 गावांतल्या अशाच बायांना हाताशी धरून नवजात बाळांचे मृत्यू किती खाली आणले, हे मी डॉक्टरला काय सांगू!

फार बोलले. तुझ्यावर काय चाललंय ते मला दिसत नाही असं नाही. वरून व्हीसीत तुलाही असंच उभं करतात, दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी, पावसात रस्ता बंद, आणि रात्री क्वार्टरमध्ये तू एकटी. तो राग खाली उतरला असणार. हरिसालच्या दीपाली चव्हाण, एवढ्या धडाडीच्या वनपरिक्षेत्र अधिकारी. 25 मार्च 2021 ला त्यांनी जीव दिला, मागं ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांच्या छळाबद्दल लिहिलं होतं. तेव्हापासून या भागात नोकरीला आलेली कुठलीही पोर एकटी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. आणि आता तर माझीच पोर तिथं आहे.

म्हणून सांगते, त्या आशाताईचं बघशील तेव्हा बघ, रविवारी आधी इकडं ये. एसटी चुकली तर फोन कर, मी कोणाला तरी गाडी घेऊन पाठवते. पानगे आणि वांग्याची भाजी करते. दिवसभर झोपलीस तरी उठवणार नाही. आणि फोनवर दरवेळी "बरी आहे" म्हणू नको ग. नसलीस बरी तर तसं सांग, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझी,
आत्या