काळ्यावर चांदी

मुलांनो, तुम्ही बिदरी काम पाहिले आहे का? कर्नाटकातील बीदर येथे पूर्वी या कामाचे हुक्के व सुरया बनत; आता कानातली व पदकेही बनतात. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, तीवर नक्षी कोरतात आणि खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांचे मिश्रण लावतात. जस्त काळे पडते, चांदी मात्र पांढरीच राहते! दागिन्यांची रचना शिकणारा कागदावर केसाएवढी रेघ सहज काढतो. कारागिराला मात्र ती छिन्नीने धातूत कोरावी लागते. म्हणून आधी त्याच्या शेजारी बसून त्याचा हात पाहावा. शिवाय जस्त जड. कानातले लहानच हवे. असे एक कानातले तुम्हीही काढून पाहा. रंग दोनच वापरा, काळा आणि रुपेरी.