चूक कोठे झाली?

दूरध्वनीवरून दुकानदाराला निरोप येतो, “आठ पोती पाठवा.” वाटेत खरखर होते आणि त्याला कळत नाही, की गिऱ्हाईक ‘आठ’ म्हणाले की ‘साठ’. तो विचारतो, “पुन्हा एकदा सांगा.” त्या तीन शब्दांनी बावन्न पोत्यांचा घोटाळा टळतो.

यंत्रेही परस्परांना निरोप पाठवतात. त्यांच्या भाषेत ० आणि १ हे दोनच अंक असतात. वाटेत विजेचा खळखळाट झाला, की ० चा १ होतो किंवा १ चा ० होतो. अशी चूक मुळीच होऊ नये, हे कोणालाही साधलेले नाही. मग तिचा संभव कमी कसा करावा?

समजा, दर शंभर अंकांमागे सरासरी एक अंक बिघडतो. आपण प्रत्येक अंक तीनदा पाठवू आणि ज्या अंकाचे बहुमत होईल तो खरा मानू. आता फसगत व्हायची, तर तिहींपैकी निदान दोन अंक बिघडले पाहिजेत. हिशेब केला, तर अशी फसगत दहा हजारांत सुमारे तीनदाच होईल. पाचदा पाठवले, तर लाखात सुमारे एकदाच. परंतु एका निरोपाला तिप्पट किंवा पाचपट वेळ लागेल. बिनचूकपणा फुकट मिळत नाही. त्याची किंमत मोजावीच लागते.

ती किंमत कमी करण्याचा मार्ग रिचर्ड हॅमिंग यांना सापडला. हे गणितज्ञ अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करीत. १९४७ च्या सुमारास तेथे हजारो विद्युत् खटक्यांचे एक गणनयंत्र होते. आकडेमोडीत चूक झाली, तर ती त्या यंत्राला कळे. इतर दिवशी ते थांबे आणि माणसे येऊन दुरुस्ती करीत. शनिवार-रविवारी मात्र तेथे कोणी नसे. त्यामुळे यंत्र ते काम अर्धवट टाकून पुढचे काम हाती घेई. हॅमिंग यांचे काम असे लागोपाठ दोन आठवडे वाया गेले. ते चिडले, पण चिडून स्वस्थ बसले नाहीत. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असे त्यांच्या मनात आले.

त्यांनी शोधलेली युक्ती तुम्हीही करून पाहू शकाल. एकमेकांत गुंतलेली तांबडे, निळे आणि हिरवे अशी तीन वर्तुळे काढा. त्यांची सात घरे होतील. मधल्या चार घरांत, म्हणजे जी एकाहून अधिक वर्तुळांत येतात त्यांत, निरोपाचे चार अंक लिहा. बाहेरच्या तीन घरांत पहारेकरी अंक असे भरा, की प्रत्येक वर्तुळातील १ ची संख्या सम व्हावी. आता एखादा अंक बदलला, तर तो ज्या वर्तुळांत आहे त्यांतील समपणा मोडतो. तिन्ही वर्तुळे तक्रार करतील, तर अगदी मधला अंक चुकला. दोन तक्रार करतील, तर त्या दोघांच्याच सामाईक घरातील अंक चुकला. एकच तक्रार करील, तर त्याचा पहारेकरीच चुकला! चुकलेला अंक सापडला, की ० चा १ किंवा १ चा ० केला म्हणजे झाले.

चार अंक तीनदा पाठवायचे, तर बारा अंक लागतात; येथे सातच पुरले. मात्र या युक्तीलाही मर्यादा आहे. सातांपैकी दोन अंक एकदम बिघडले, तर वर्तुळे भलत्याच, निरपराध अंकाकडे बोट दाखवतात. आठवा पहारेकरी नेमला, तर दोन चुका झाल्याचे कळते, पण त्या दुरुस्त करता येत नाहीत. किती पहारेकरी नेमावे, हे चूक किती घातक आहे यावर ठरवावे लागते.

हॅमिंग यांनी आपली पद्धत १९५० साली प्रसिद्ध केली. त्याच प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते, की मार्गाच्या कुवतीपेक्षा कमी वेगाने निरोप पाठवला, तर चुकीचा संभव हवा तितका कमी करता येतो. आजही संगणकांच्या स्मृतीत हॅमिंग यांच्या कल्पनेवर उभारलेले पहारेकरी काम करीत असतात.

मी चुकणारच नाही, असे म्हणणारा पुष्कळदा फसतो. मी चुकेन, हे ओळखून जो आधीच तजवीज करतो, त्याचेच काम अखेर तडीस जाते.

स्वाध्याय

१. हॅमिंग यांचे काम कशामुळे वाया गेले? त्यातून त्यांना कोणता प्रश्न सुचला?
२. ‘बिनचूकपणा फुकट मिळत नाही’, हे विधान पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. तीन वर्तुळांत सात अंक भरा. तुमच्या नकळत मित्राला एक अंक बदलायला सांगा आणि तो शोधून काढा.